नवी रोड सायकल घेतलीय? आधी परतीचं बघा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड पट्टा)

उद्यमबागवाला | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून सात जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "रोड सायकल घेतली, आता पुढं काय?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतो. मी कोच नव्हे, रेसर तर नव्हेच. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, सात-आठ वर्षं सायकल मारतोय. जे काय कळलंय ते पडून, चालत येऊन, नाहीतर टेम्पोत बसून कळलंय.

त्या टेम्पोपासूनच सुरू करतो.

२०१८ चा ऑक्टोबर. सायकल घेऊन महिना झालेला. जांबोटी झालं, कणकुंबी झालं, सकाळचे नऊ वाजलेले, अंगात मस्ती. चोर्ला घाट लागला आणि पाय न मारता सायकल पळायला लागली. म्हटलं, एवढं सोपं असेल तर जाऊया खाली. पार केरीपर्यंत गेलो. तिथं चहा घेतला, सायकल वळवली आणि मान वर करून डोंगराकडं बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता ६००-७०० मीटर परत चढायचंय, ऊन तापलंय, एक बाटली रिकामी आहे आणि मागच्या चाकाची सगळ्यात मोठी चकती फक्त २५ दातांची, म्हणजे चढाला गिअर जडच. निम्म्यावर उतरलो आणि ढकलत निघालो. बेळगावची भाजी गोव्यात टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं सायकल क्रेटांवर आडवी टाकली आणि एवढंच विचारलं, "खाली कुणी बोलावलं होतं काय?"

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, सह्याद्रीच्या वरच्या काठावर आहे. गोवा-सावंतवाडीकडची माणसं आधी घाट चढतात, दमतात आणि उतरत घरी जातात. आपलं उलटं. चोर्ला घ्या, आंबोली घ्या, अनमोड घ्या, उतार आधी फुकट मिळतो आणि वसुली परतताना होते, तीही दमलेल्या पायांकडून. म्हणून नव्या माणसानं पहिलं वर्षभर घाटमाथ्यावरूनच वळायचं. आंबोलीला जायचंच तर शंभर किलोमीटरची सवय झाल्यावर जा, वर भजी खा, आणि सावंतवाडीकडं तोंड न करता माघारी या.

वाऱ्याचंही तेच. कन्नडमध्ये 'गाळी' म्हणजे ट्यूबमधली हवा आणि गाळी म्हणजेच वारा. पंक्चरवाल्याकडं मागतो ती गाळी, आणि सांबऱ्याच्या माळावर छातीवर बसते तीही गाळीच. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, तोही जोरकस. तेव्हा बैलहोंगल बाजूला निघालात तर पाठीवर वारा घेऊन ३२ च्या स्पीडनं जाल, आपण उगाच नोकरी करतोय असं वाटेल. परतताना १७ निघाला तर नशीब. पावसाळ्यात पश्चिमेला निघा, हिंडलगा-उचगाव किंवा जांबोटीकडं. आधी वारा फोडा, घरी येताना तो ढकलेल. हिवाळ्यात सकाळी बहुधा पूर्वेचा असतो, तेव्हा उलटं. घरातून निघताना गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं एकदा बघायचं, बस्स.

आता सायकलीचं.

सीटची उंची. नव्या माणसाची सीट दहातल्या नऊ वेळा खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. टेकायला नकोत. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आकड्यात पाहिजे असेल तर भिंतीला पाठ लावून, दोन पायांत पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि ०.८८३ नं गुणा. माझं माप ७९ सेंटीमीटर, म्हणजे पॅडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत जवळजवळ ७०. हा आकडा सुरुवातीला धरायचा, मग तीन-चार मिलिमीटरनं वरखाली करत आपलं ठिकाण शोधायचं. सापडलं की सीटच्या दांड्याला इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळा. सर्व्हिसिंगला दिली की कुणीतरी ती खाली करून ठेवतोच.

गिअर. चढ सुरू झाल्यावर बदलायचा नाही, दिसल्यावर बदलायचा. पायाचा जोर क्षणभर सैल सोडायचा, गिअर पडू द्यायचा, मग परत जोर. चढावर दात-ओठ खाऊन पॅडल दाबत असताना बदललात तर चेन कडकड आवाज करते, कधी उतरते, कधी तुटते. आणि पुढची मोठी प्लेट, मागची पण मोठी चकती, अशी चेन तिरपी ताणून चालवू नका.

हवा. रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरचं नोजल बसत नाही. पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. घरी उभा पंप घ्या, काट्याचा. हे टायर मोटरसायकलसारखे नव्हेत, आठवड्याभरात आपोआप हवा उतरते. मी १०० पीएसआय भरतो.

बाकी लिहिण्यासारखं बरंच आहे, उद्या पहिली पाळी आहे. तुम्हीही भर घाला.

तवंदीचा_उतार | सोमवार, रात्री ११.०५

चांगलं लिवलंयसा. मी निपाणीचा. आमच्याकडली गोष्ट सांगतो, आत्ता तर हंगामच चालू हाय.

ऊस. नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्याला ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असत्यात. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्यात झाकलेला. पहाटे धुक्यात ती ट्रॉली दिसतच न्हाई, वास येतो आधी. त्यात ट्रॅक्टरवाल्यानं टेप मोठ्यानं लावलेला असतोय, तुमची घंटी त्याला कवा ऐकू येणार? ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांची लांबी ध्यानात घ्या, आणि दुसरी ट्रॉली सरळ चालत न्हाई, शेपटीगत डुलती. मी तर उजाडल्याबिगर निघतच न्हाई हंगामात. अंधारात निघायचंच असलं तर मागं लाल लाईट पायजेच, आणि एक न्हवं, दोन. एक सीटखाली, एक हेल्मेटला. एक बंद पडला तर आपल्याला मागचं दिसतंय व्हय?

रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली आला तर गोल फिरतो आणि सायकल खालनं निघून जाती. वळणावर बघून.

आणि हायवेला, सहापदरीला, मेन लेनमदी जाऊ नका की ओ. सर्व्हिस रोड धरा. सुतगट्टीला, तवंदीला ट्रकचे ब्रेक तापलेले असत्यात.

अक्का_टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ६.४०

उद्यमबागवाले, छान सुरुवात. मी ५६ वर्षांची, शाळेतून निवृत्त, पन्नाशीनंतर सायकल हातात घेतली. बायका हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी, आणि पुरुषांनीही वाचायला हरकत नाही.

सायकलबरोबर आलेली सीट आपल्याला बसेलच असं नाही. कमरेखालची बसायची दोन हाडं असतात, त्यांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, बायकांचं बहुधा जास्त. सीट अरुंद असली की भार हाडांवर न येता मधल्या नाजूक भागावर येतो. दुखतं, मुंग्या येतात, आणि आपण लाजेनं बोलत नाही. बोला. दुकानदाराला सांगून रुंद सीट बदलून घ्या. जाड गादीची मऊ सीट मात्र नको, अर्ध्या तासाला बरी वाटते, दोन तासांनी जास्त त्रास देते. पॅडवाली चड्डी घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, चार महिने शिवणीचे वळ घेऊन फिरत होते. वरून सैल ट्रॅक पँट घालायची असेल तर घाला, फक्त उजव्या पायाला रबर बँड लावा, नाहीतर चेन कापड खाते.

आता माझी पडण्याची गोष्ट. २०१९ चा जुलै, सकाळची वेळ, नुकती सर येऊन गेलेली. काँग्रेस रोडवरून दुसऱ्या गेटाकडं वळले (नव्या मंडळींना म्हणून सांगते, १९२४ साली गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं होतं, त्यावरून हे नाव). वळण पूर्ण व्हायच्या आधीच पुढचं चाक रुळावर गेलं. म्हणजे सायकल तिरपी आणि रूळ ओला. पाण्यानं भिजलेलं लोखंड साबणासारखं असतं. काही कळायच्या आत मी डाव्या कुशीवर. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर, आणि भाजी चिरायला नवऱ्याला शिकवावं लागलं, हा एक फायदा.

तेव्हापासून रूळ दिसला की आधी सायकल सरळ करते, काटकोनात येते, पाय मारणं थांबवते, ब्रेकला हात लावत नाही, आणि सीटवरून किंचित उठून जाते. पाऊस असेल तर सरळ उतरून चालत जाते. मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

शहापूरचा_नवशिक्या | मंगळवार, दुपारी १.१५

सगळ्यांना धन्यवाद. मी त्या सातांपैकी एक 🙂 दीड महिना झाला. तीन प्रश्न.

१) उजव्या गुडघ्याला पुढच्या बाजूनं दुखतं, वाटीच्या खाली.
२) तासाभरानं करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं.
३) ५० किलोमीटरला मला अडीच तास लागतात. माझे मित्र २८ च्या ॲव्हरेजनं जातात म्हणे. मी फार हळू आहे का?

उद्यमबागवाला | मंगळवार, सायंकाळी ५.५०

सीट वर घे. पुढून दुखलं तर बहुतेक सीट खाली असते, मागून लवणीत दुखलं तर जास्त वर. चार मिलिमीटर वर घे, दोन-तीन राईड कर, मग परत बघ. आणि गिअर हलका ठेव. जड गिअरमध्ये पॅडल दाबत राहिलं की गुडघा बोंबलतो. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोज. पंधरा आला तर कमी आहे, वीस-बावीस पाहिजे. म्हणजे मिनिटाला ८०-९०. सुरुवातीला सर्कशीतल्या माकडासारखं वाटतं, दोन आठवड्यांत सवय होते. एवढं करून पंधरा दिवसांत कमी झालं नाही तर ऑर्थोपेडिककडं जा, इथं विचारत बसू नको.

बोटांचं: कोपर ताठ ठेवतोस, बरोबर? कोपर वाकव. हात दर पाच-दहा मिनिटांनी बदल, कधी वर सपाट दांड्यावर, कधी ब्रेकच्या मुठीवर, कधी खालच्या वाकावर. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तू सतत पुढं घसरतोस आणि सगळं वजन तळहातावर येतं. पाणसळ ठेवून बघ, सपाट पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाला 'हिशोबी' उत्तर देतील, मला माहीत आहे 😀

हिशोबी | मंगळवार, रात्री ९.३०

देतो. अडीच तासांत ५० म्हणजे २० चा ॲव्हरेज. दीड महिन्यात चांगला आहे. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राईड असतात, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबणं, खाणं, पंक्चर सगळं धरून. म्हणजे ताशी १५ सुद्धा पुरतात. २८ वाल्या मित्रांना विचार, तो आकडा चहाला थांबताना घड्याळ बंद करून आहे का, आणि परतीचा धरून आहे का. जाताना सगळेच २८ असतात.

आता धागा काढणाऱ्याशी थोडं भांडण. १०० पीएसआय कशासाठी? किती वजन, कुठला टायर, ते न सांगता नव्या पोरांना आकडा देऊ नका. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरा असा हुकूम नसतो. सत्तर किलोच्या माणसाला २५ चा (म्हणजे २५ मिलिमीटर रुंद) टायर असेल तर ८०-८५, २८ चा असेल तर ७० च्या आसपास, ३२ असेल तर ५५-६०. पुढच्या चाकात थोडी कमी. आपल्या रस्त्यांवर दगडासारखा टायर खड्ड्याखड्ड्यावर उडतो, पकड जाते, वेगही जातो आणि हात बधिर होतात. नवशिक्याच्या बोटांचं निम्मं कारण तिथं असेल.

आणि २८ चा टायर बसत असेल तर २८ च लावा. बारीक टायर वेगवान ही जुनी समजूत.

उद्यमबागवाला | मंगळवार, रात्री ९.५२

मान्य. सवयीनं लिहिलं. मी ८२ किलोचा, टायर २५ चा, त्यातही १०० जास्तच आहे. उद्या ९० करून बघतो.

खानापूर_पॅसेंजर | बुधवार, सकाळी ७.१०

पावसाचं आणि ब्रेकचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, मलप्रभा तिथंच उगवते.

आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, काहींना उलटा. घेतल्या दिवशी तपासा. पुढचा ब्रेक लावला की उलटून पडतो ही भीती काढून टाका, थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. फक्त झटका मारायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू दाबायचा, आणि अंग मागं सरकवायचं. वळणात ब्रेक नाही. वळणाच्या आधी वेग काढायचा, मग सोडायचा. वळताना बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, त्यावर वजन, आणि नजर खड्ड्यावर नव्हे, जिथं जायचंय तिथं. खड्ड्याकडं बघत राहिलात की सायकल खड्ड्यातच जाते. हा अनुभव आमच्या रस्त्यावर दर पन्नास मीटरला घेता येतो.

रिमला रबर लागणारे ब्रेक असतील तर पावसात पहिला दाब नुसता पाणी पुसण्यात जातो. म्हणून उतारावर अधूनमधून हलका दाबून रिम कोरडी ठेवायची, म्हणजे खरी गरज लागेल तेव्हा पकडतो. आणि लांब उतारावर सतत दाबून धरायचा नाही, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा, सोडा.

आमच्याकडची तांबडी माती चेनीत गेली की दोन दिवसांत खरखर. घरी आल्यावर फडक्यानं चेन पुसा, प्रत्येक कडीवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब, उलटं पॅडल फिरवा, मग वरचं सगळं तेल परत पुसून काढा. लोक शेवटचं करत नाहीत. वर राहिलेलं तेल माती धरतं. खोबरेल घालणारे पण बघितलेत मी. थंडीत गोठतं ओ ते.

चंदगडी_काजू | बुधवार, दुपारी ३.४०

खाण्याबद्दल कुणी बोलेना, बेळगावची माणसं असून!

एक तासापेक्षा कमी जात असाल तर पाणी पुरे. त्याच्यावर गेलात तर भूक लागायच्या आधी खायचं. भूक लागली म्हणजे उशीर झाला, डोळ्यापुढं काजवे, हात थरथर, आणि सायकल रस्त्याकडेला टाकून बसायची पाळी. ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर लागते असं सांगतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. महागडी जेलची पाकिटं कशाला? बेळगाव तालुक्यात रताळी पिकतात, दोन उकडून मीठ लावून खिशात टाका. सालीसकट न्या, चिकटत नाहीत. गोकाकचा करदंट पण उत्तम, गूळ-डिंक-सुकामेवा, छोटे तुकडे करून. कुंदा मात्र घरी आल्यावर. मी एकदा जर्सीच्या खिशातून नेला होता, उन्हात त्याचं काय झालं आणि बोटं ब्रेकला कशी चिकटली ते लिहीत नाही.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर. उन्हाळ्यात नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर.

कुत्री. वेंगुर्ला रोडला पहाटे टोळ्या असतात. पळायचं नाही, चढ असला तर तसंही जमत नाही. थांबा, उतरा, सायकल मधे धरा, मोठ्यानं हाड म्हणा. माणूस दोन पायांवर उभा राहिला की बहुतेकांचा उत्साह जातो. लाथ मारायला जाऊ नका, तोल जातो. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. हळद-चुना नको.

शहापूरचा_नवशिक्या | रविवार, दुपारी १२.०५

आजचा अहवाल. सीट चार मिलिमीटर वर, हवा ७०, टायर २८. बोटं ठीक, गुडघा निम्मा बरा.

पण तुरमुरीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायची प्रॅक्टिस घरी केली होती, दहा मिनिटांत नवी ट्यूब घातली, स्वतःवर खूष झालो. दोनशे मीटर गेलो, परत फुस्स. आता ट्यूब संपली.

शेताच्या कडेला एक आजोबा बैलांना पाणी दाखवत होते. जवळ येऊन बसले. म्हणाले, "आत काय हाय बघितलास काय?" मी म्हटलं, बोट फिरवून बघितलं, काही नाही. त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला, टायरच्या आत घालून सावकाश फिरवला. पाव चक्कर, अर्धी चक्कर, आणि एका जागी टॉवेल अडकला. एक सूत ओढलं गेलं. तिथं नखानं चाचपलं तर पापणीच्या केसाएवढी तार, आतून जेमतेम मिलिमीटरभर वर आलेली, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. नेलकटरनं धरून काढली. मग दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून बघितल्या, भोक व्हॉल्व्हपासून अगदी सारख्या अंतरावर.

पॅचचं सामान होतं. पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावलं, मी लगेच चिकटवायला गेलो तर आजोबांनी हात धरला. "वाळू दे." पाच मिनिटं दोघं गप्प बसलो. छोट्या पंपानं दोनशेच्या वर दट्टे मारले, दंड भरून आले. घरी पोचलो.

हिशोबी | रविवार, दुपारी १२.४०

हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार असते ती. तिथून कुठंतरी उचलली असशील आणि हळूहळू आत शिरली असेल. टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणायचं. मग ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरवर त्याच जागी काटा कुठं आहे ते सरळ कळतं.

अक्का_टिळकवाडी | रविवार, दुपारी १.३०

आजोबांना नमस्कार सांगायला परत जा एकदा. रताळी घेऊन.

उद्यमबागवाला | बुधवार, रात्री ९.१५

बरं मंडळी, या रविवारी नव्या लोकांसाठी राईड. साडेपाचला आरपीडी कॉर्नर, हिंडलगा, उचगाव, शिनोळी, तिथं चहा आणि परत. साधारण ३० किलोमीटर. एकामागोमाग एक, मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला शेजारून भिडता कामा नये. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचं. प्रत्येकाकडं एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप आणि हेल्मेट. हेल्मेट नसेल तर चहा प्यायला या, सायकल नको.

तवंदीचा_उतार | बुधवार, रात्री ९.४०

साडेपाचला अंधार असतोय की ओ. वर काय लिवलंय मी?

हिशोबी | बुधवार, रात्री ९.५५

आणि जानेवारीत सकाळी वारा पूर्वेचा. शिनोळीला जाताना पाठीवर, परतताना तोंडावर. धाग्याचं नाव काय ठेवलंयस?

उद्यमबागवाला | बुधवार, रात्री १०.१०

😀 पकडलंत. बदलतो. सात वाजता, उजाडल्यावर, किल्ला तळ्याच्या कोपऱ्यावर. सांबरा, सुळेभावी आणि परत. जाताना गाळी समोरून.

शहापूरचा_नवशिक्या | बुधवार, रात्री १०.१४

आलो. टॉवेल घेऊन येतो.